डेटोबा

बाणेरपासून धनकवडीपर्यंत पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, निदान एक डेटोबा सापडतोच. वय एकोणीस-वीस. पाठीवर लॅपटॉपची सॅक, कानात इअरबड्स, आणि लिंक्डइनवर 'अ‍ॅस्पायरिंग डेटा सायंटिस्ट' अशी पाटी. इंजिनिअरिंगला मार्क पुरले नाहीत आणि सीएला धीर पुरला नाही, या दोन्हींच्या मधल्या बोळातून तो बीबीएला पोचलेला असतो. साधं बीबीए नव्हे हं, बिग डेटा आणि बिझनेस अ‍ॅनालिटिक्सवालं. पूर्वी बीबीए म्हणजे फॉर्म भरला की झालं. २०२४ पासून महाराष्ट्रात त्यालाही सीईटी लागली, आणि डेटोबाच्या वडिलांना क्लासच्या फीची एक नवी पावती फाइलला लावावी लागली.

पोरगं नक्की काय शिकतं, हे घरात कोणालाच धड सांगता येत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलंच, तर वडील म्हणतात, "आयटीच आहे, पण मॅनेजमेंटच्या बाजूने." आई म्हणते, "पुढे बँकेत वगैरे मोठा स्कोप आहे." आजी म्हणते, "कॉम्प्युटरवर दुसऱ्यांची गिऱ्हाइकं मोजतो." तिघांत आजीचं उत्तर सगळ्यात जवळचं आहे.

पहिल्या वर्षी बिग डेटा कुठे दिसतच नाही. दिसतात जर्नल एन्ट्री, मॅनेजमेंटची तत्त्वं आणि सरासरी-मध्यक-बहुलक. बिचारा हिरमुसतो. मग दुसऱ्या वर्षाला पायथन आणि एसक्यूएल येतं आणि त्याला कंठ फुटतो. व्हॉल्यूम, व्हेलॉसिटी, व्हरायटी हे तीन व्ही तो पसायदानासारखे म्हणतो. हे तीन व्ही डग लेनी नावाच्या विश्लेषकाने २००१ मध्ये मांडले. पुढे लोकांनी त्यांत आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. हडूप या बिग डेटाच्या सॉफ्टवेअरचं नाव ते बनवणाऱ्या डग कटिंगच्या मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीवरून आलं, हेही त्याला पाठ असतं, कारण व्हायव्हाला तेवढंच हमखास विचारतात. प्रत्यक्षात त्याचा सगळा डेटा एक्सेलच्या एका शीटमध्ये मावतो. एक्सेलला १०,४८,५७६ ओळी चालतात आणि आमच्या डेटोबाने दोनशेच्या पुढची ओळ अजून पाहिलेली नाही.

टायटॅनिक जहाज १९१२ साली एकदाच बुडालं असा आपला समज. आमच्या बी विंगमध्ये ते रोज संध्याकाळी बुडतं. जगातल्या प्रत्येक डेटोबाचा पहिला प्रोजेक्ट हाच: प्रवाशांच्या यादीवरून कोण वाचलं आणि कोण गेलं याचं भाकीत करायचं. निष्कर्ष काढून तो स्वयंपाकघरात आला, "पहिल्या वर्गातल्या बायका जास्त वाचल्या, तिसऱ्या वर्गातले पुरुष जास्त गेले." आजी दाण्याची टरफलं पाखडत होती. म्हणाली, "पैसेवाल्याला होडी आधी मिळते, हे कळायला कॉम्प्युटर कशाला रे?" दुसरा प्रोजेक्ट आयरिसच्या फुलांचा. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली वापरलेली दीडशे फुलांची मापं. पाकळीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये सांगणारा हा मुलगा चतुर्थीला दूर्वा आणायला खाली पाठवला, तर लॉनचं गवत घेऊन वर येतो.

तशी पुण्याला आकडेवारी नवी नाही. १९३०च्या दशकात अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून घरोघर माणसं पाठवून या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. कोण काय कमावतो, कसल्या घरात राहतो, सगळं कागदावर उतरवून, हाताने बेरजा करून. डेटोबा त्याच संस्थेवरून रोज चहाला जातो. गाडगीळ कोण म्हणून विचारलं तर म्हणेल, "कुठल्या कंपनीत आहेत?" असो. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या पीपीटीत ते नाव आलेलंच नसतं.

या अभ्यासक्रमाचा घरगुती उपयोग मात्र दांडगा आहे. आई म्हणाली, "रात्री दोन-दोनपर्यंत जागतोस, म्हणून मार्क घसरले."

"आई, हे कोरिलेशन आहे, कॉजेशन नाही."

"मग तुझी बहीण दहाला झोपते आणि नव्वदच्या वर मार्क काढते, ते काय?"

"सॅम्पल साइज फार लहान आहे."

"ती वाढवायचं आमचं वय राहिलं नाही," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

यंदा डेटोबाने प्रोजेक्टसाठी सोसायटीच्या मेंटेनन्सची वही मागून घेतली. खजिनदारकाकांनी ती दिली, पण पोटच्या पोरीची पाठवणी करावी तशी. मग सुरू झालं डेटा क्लीनिंग. या विद्येतलं हे सगळ्यात मोठं काम आणि तेच माहितीपत्रकात कधी छापत नाहीत. वहीत एकच माणूस कुठे कुलकर्णी, कुठे कुळकर्णी आणि कुठे नुसताच 'तळमजला'. रकमेच्या रकान्यात 'दोन महिन्यांचे एकदम', 'चेक दिला, वटला नाही', 'गावाला गेलेत' असे शेरे. तारखेच्या जागी 'संक्रांतीनंतर'. फ्लॅट नंबर ३-४ टाइप केला की एक्सेल त्याचा ३ एप्रिल करून मोकळं. डेटोबा वैतागला. त्याला सांगायला हवं होतं की याच एक्सेलपायी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावं बदलायची ठरवली. मार्च-१ नावाच्या जनुकाची ते १ मार्च ही तारीख करत होतं. जिथे शास्त्रज्ञांनी हात टेकले, तिथे बी विंगची काय कथा? आठवडेच्या आठवडे पोरगं वहीची झाडलोट करत बसलं. आई दारात उभी राहून बघायची. शेजारी दोन टी-शर्ट, एक ओला टॉवेल आणि परवाचा चहाचा कप. "दुसऱ्याचं घर बरं आवरता येतं," एवढंच म्हणायची.

वार्षिक सर्वसाधारण सभेत डॅशबोर्ड सादर झाला. प्रोजेक्टर भाड्याचा, पडदा म्हणून कुणाच्या तरी घरची पांढरी चादर. रंगीत वर्तुळं फिरली, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "यात आमच्या बाथरूमचं गळणं कुठे आहे?" असं विचारून घेतलं. मग थकबाकीचा तक्ता आला. सगळे खांब बुटके आणि एकच लालभडक खांब पार चादरीच्या शिवणीपर्यंत गेलेला. डेटोबाने विजयी मुद्रेने त्यावर क्लिक केलं. नाव उमटलं ते त्याच्याच वडिलांचं.

सभेत कुजबुज झाली. चेअरमन खाकरले, "कधीपासून बाकी आहे?"

डेटोबाने फिल्टर लावला. आता थांबता येत नव्हतं. "जूनपासून," तो पुटपुटला.

मागच्या खुर्चीवरून वडील उठले. "जूनमध्ये याच्या फीचा हप्ता भरला," ते चेअरमनना म्हणाले, आणि मग मुलाकडे वळून, "आणि हे नुसतं कोरिलेशन नाही."