सर्व्हिस मॅन्युअलच्या अज्ञात कर्त्यास अनावृत पत्र

प्रति,
सर्व्हिस मॅन्युअलचे अज्ञात ग्रंथकर्ते यांस सविनय सादर.

विषय : अडकलेली ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी करण्याविषयीचे एकोळी प्रकरण.

महोदय,

सूत्र जितके लहान तितके त्यावरचे भाष्य मोठे, हा प्राचीन शास्त्रग्रंथांचा प्रघात ग्रंथकर्त्यांनी मोटारदुरुस्तीच्या वाङ्मयात ज्या निष्ठेने चालवला आहे, तिची दखल आजवर कोणी घेतलेली दिसत नाही. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या मोटारीच्या दुरुस्तीपुस्तकात, बोल्ट काढावेत आणि ट्रान्स्फर केस अलग करावी, एवढे सांगून ग्रंथकर्ते निश्चिंत मनाने पुढच्या आकृतीकडे वळतात. त्यातल्या पूर्वार्धाला फार तर तासभर लागतो, आणि उत्तरार्धासाठी शनिवारी उचललेली मोटार पुढच्या बुधवारीही टेकूच्या घोड्यांवरच उभी असते. उत्तरार्धावर भाष्य लिहिण्याचे काम ग्रंथकर्त्यांनी वाचकांवर सोपवले असावे असे मानून ते येथे पार पाडले आहे.

ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या बगलेला बोल्टांनी जोडलेली, ओतीव ॲल्युमिनियमची, आकाराने लहान पण हाताला चांगलीच जड अशी पेटी होय. ज्या मोटारीत इंजिन आडवे, म्हणजे चाकांच्या आसाला समांतर बसवलेले असते, तिच्यात गिअरबॉक्समधून निघणारी शक्ती सरळ पुढच्या दोन चाकांकडे जाते. तिचा काही वाटा मागे न्यायचा तर तिला काटकोनात वळवावे लागते, आणि हे वळण या पेटीतले तिरप्या दातांचे दोन गिअर घडवून आणतात, ज्यांना हायपॉइड गिअर अशी संज्ञा आहे. पेटीच्या मागच्या तोंडाला मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असतो, तर तिच्या पोटातून बहुधा पुढच्या एका चाकाचा शाफ्ट आरपार जातो, त्यामुळे तिला हात घालण्यापूर्वी हे दोन्ही आणि अनेकदा सायलेन्सरचा पुढचा पाइपही उतरवावा लागतो. 1959 साली अभियंते ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी या छोट्या मोटारीत इंजिन आडवे टाकून माणसांसाठी जागा काढली, आणि 1980 साली ऑडी क्वाट्रोने चारही चाकांची शक्ती साध्या रस्त्यावरच्या मोटारीत रुजवली. परंतु क्वाट्रोचे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे तिच्यात शक्तीची वाटणी गिअरबॉक्सच्या आतच, एका पोकळ शाफ्टच्या साहाय्याने उरकत असे. पुढे दोन्ही सोयी एकाच मोटारीत हव्या झाल्या, आणि मिस्त्रीच्या नशिबी ही पेटी आली.

पेटीचे आणि गिअरबॉक्सचे तोंड एकमेकांवर नेमके बसावे म्हणून सांध्यात सहसा दोन डॉवेल असतात. डॉवेल म्हणजे आटे नसलेली, बहुधा पोकळ अशी पोलादी पिन, जी अर्धी एका भागाच्या आणि अर्धी दुसऱ्या भागाच्या भोकात घट्ट शिरते. आवळण्याचे काम बोल्टांचे, जागा धरण्याचे काम डॉवेलचे. आता पोलाद आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांचा मिळून एक विद्युतघट तयार होतो, आणि रसायनशास्त्राच्या तक्त्यात ॲल्युमिनियमचे विभव उणे 1.66 व्होल्ट, तर लोखंडाचे उणे 0.44 व्होल्ट असल्यामुळे या व्यवहारात झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. झिजेतून निघणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे ती पिनेभोवतीच्या नजरेला न दिसणाऱ्या फटीत ठासून बसते आणि पुढे जे काम सगळ्या बोल्टांकडे होते ते ही भुकटी एकटी, आणि त्यांच्याहून निगुतीने, करू लागते. उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांत, ज्या पट्ट्याला सॉल्ट बेल्ट म्हणतात, हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात; म्हणजे जी मोटार लोक बर्फासाठीच घेतात, तीच बर्फावरच्या उताऱ्याने सडते. कोकणकिनाऱ्यावर हे मीठ समुद्राचा वारा फुकट पुरवतो, फक्त अशा मोटारी तेथे अजून विरळ आहेत. ऑइल सील फाटून पाणी आत गेले असेल तर शाफ्टवरच्या लांबट दातऱ्या, म्हणजे स्प्लाइन, याही गंजून एकमेकींत रुततात, आणि मग पेटी तीन ठिकाणी धरलेली असते.

न निघणाऱ्या पेटीत बहुधा एक बोल्ट शिल्लक असतो, हा या शास्त्रातला पहिला सिद्धान्त असून तो अनुभवाने सिद्ध झालेला आहे, कारण पेटीला इंजिनाशी बांधणाऱ्या पट्टीचा एखादा बोल्ट वरच्या, न दिसणाऱ्या बाजूला असतो आणि ग्रंथकर्त्यांची आकृती नेमकी खालून काढलेली असते. बोल्ट खरोखरच संपलेले असतील तर छिन्नी आणि पहार यांचा मोह होतो. सांध्यात छिन्नी ठोकली की पेटी निघते किंवा निघत नाही, पण यंत्रावर तासून गुळगुळीत केलेल्या तोंडावर चरा मात्र हमखास पडतो, आणि त्या चऱ्यातून पुढे जन्मभर तेल पाझरते. पहार बोल्टाच्या कानाखाली घालून रेटली तर तो कान तुटून हातात येतो, कारण ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, तुटते. शिवाय एका बाजूने ओढलेला कपाटाचा खण जसा तिरका होऊन अधिकच अडतो, तशी ही पेटी एका पिनेवरून दोन मिलिमीटर पुढे आली की दुसऱ्या पिनेवर आवळते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आणि अगदी थोडे थोडे काढावे लागते. शहाणे मिस्त्री सांध्यावर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू देतात, सकाळी जाड भागावर पितळी किंवा रबरी हातोड्याने सभोवार ठोकतात, आणि दोन बोल्ट चार-पाच आट्यांवर मुद्दाम राहू देतात. पेटी सुटते तेव्हा ती पूर्वसूचना न देता सुटते, आणि खाली उताण्या पडलेल्या माणसाची छाती हेच तिचे पहिले विश्रांतिस्थान असते.

उष्णतेचा उपायही यातलाच, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. तापमान एक अंशाने वाढले की ॲल्युमिनियम लांबीच्या दहा लाखांत सुमारे 23 भाग फुगते आणि पोलाद सुमारे 12 भाग. त्यामुळे 12 मिलिमीटर व्यासाची पिन आणि तिचे भोक अशी दोन्ही 100 अंशांनी तापवली, तर भोक पिनेपेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचितच जास्त मोठे होते. डोळ्यांना ही फट दिसत नाही, पण भुकटीची पकड ढिली व्हायला आणि तेल आत शिरायला ती पुरते. मात्र तापवायचे ते गरम हवेच्या यंत्राने, कारण उघड्या ज्योतीजवळ रबरी सील आणि सांडलेले तेल असते.

येथवरचे भाष्य गंजाविषयी झाले, आणि गंजासाठी ग्रंथकर्त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या गोष्टीबद्दल दोष द्यायलाच हवा ती त्यांच्याच दालनातली आहे. अनेक जपानी घडणीच्या लहान मोटारींच्या मागच्या ब्रेक ड्रमवर आट्यांची दोन भोके असतात, आणि त्यांत 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून ते आळीपाळीने आवळले की बोल्टांची टोके मागच्या भागावर रेटली जाऊन कितीही चिकटलेला ड्रम सरळ बाहेर येतो. महाराष्ट्रातल्या गॅरेजात हाताखालच्या पोऱ्यालाही ही भोके ठाऊक असतात. असा एक बोल्ट 25 न्यूटन-मीटरच्या बेताच्या पिळाने आवळला तरी एक टनाहून अधिक रेटा देतो, तोही सरळ रेषेत, आवाज न करता आणि कोणताही चरा न पाडता. जो ड्रम दोन हातांत मावतो आणि उजेडात समोर दिसतो त्याच्यासाठी ही तजवीज, आणि जी पेटी अंधारात, इंजिनामागे, दोन धातूंच्या भांडणात अडकलेली असते तिच्या सांध्याजवळ पहार टेकवायला एखादी जाड कडही अनेकदा ठेवलेली नसते, ही विभागणी कोणत्या तत्त्वावर झाली याचा उलगडा पुस्तकाच्या कोणत्याही आवृत्तीत सापडत नाही. आटे पाडण्याचा खर्च कारखान्यात नगण्य असतो, आणि न पाडल्याचा खर्च कारखान्याला कधीच करावा लागत नाही, एवढाच तर्क त्यामागे असावा असे मानणे भाग पडते.

शेवटी जोडणीचे सूत्र राहते, जे असे की सर्व भाग उलट क्रमाने बसवावेत. उलट क्रमाने म्हणजे घासून काढलेली भुकटी पुन्हा भरायची काय, असा प्रश्न भाबड्या वाचकाला पडू शकतो. भोके आणि पिना स्वच्छ करून त्यांवर गंजरोधक पेस्टचा पातळ हात फिरवावा, स्प्लाइनला मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावावे, सील नवे घालावे आणि पेटीचे गिअर ऑइल, जे गिअरबॉक्सच्या तेलाहून वेगळे आणि सहसा लिटरभरही नसते, आठवणीने भरावे, या चार गोष्टी उलट क्रमात कोठेच येत नाहीत, आणि पुढच्या खेपेला पेटी पाच मिनिटांत निघणार की पाच दिवसांत हे त्यांवरच ठरते.

तरी ग्रंथकर्त्यांनी आपले वजन आरेखन विभागात खर्ची घालून पेटीच्या कडेला 8 मिलिमीटरच्या आट्यांची दोन भोके पाडून घ्यावीत, आणि ती पडेपर्यंत निदान एकूण बोल्ट किती व पिना नेमक्या कोठे, हे त्या ओळीखाली छापावे, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ असावा.

मोटारीखाली उताण्या पडलेल्या समस्त मिस्त्रींच्या वतीने