नवशिक्यांसाठी: गाडीच्या चार्जरला नवी अक्कल कशी द्यावी

सर्वप्रथम टेबलावरचा चहा उचला. प्यायलात तरी चालेल, पण टेबलावर नको.

गाडीतलं यूएसबी-सीचं भोक म्हणजे पूर्वीचं सिगारेट पेटवायचं भोक नव्हे. त्यात निमूट बारा व्होल्ट असायचे; कोणीही यावं, काहीही खुपसावं. या नव्या भोकामागे एक कंट्रोलर चिप बसलेली असते आणि ती आधी फोनशी लग्नाच्या याद्या करते. 'आमच्याकडून पाच, नऊ, पंधरा, वीस व्होल्ट. अँपियर प्रत्येकी तीन.' फोन त्यातलं एक मागतो, चिप होकार देते, व्होल्टेज चढवते आणि 'तयार आहे' असा निरोप धाडते. ही सगळी बैठक सीसी नावाच्या एका तारेवर, तुम्ही केबलवरचा हात काढेपर्यंत उरकलेली असते. यादीत काय लिहायचं ते फर्मवेअर ठरवतं. आज आपल्याला वीस व्होल्टपुढचे तीन अँपियर खोडून पाच करायचेत. बोर्डात तेवढा दम पहिल्यापासून आहे, लिहायचं राहून गेलं होतं.

फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल_नवीन' आणि 'फायनल_खरं' अशा तीन फाइली सापडतील. त्या करणारा रजेवर असतो. तारखेवर विसंबू नका, चिपवरचा नंबर वाचा. तो डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करा आणि शेवटचं अक्षर दोनदा वाचा.

बेंच सप्लाय साडेतेरा व्होल्टवर ठेवा, चालू गाडीत साधारण तेवढेच असतात. प्रत्यक्ष गाडीतच हा उद्योग करत असाल, तर मध्येच सेल्फ मारू नका. त्या क्षणी बॅटरीचा दाब निम्म्यावरही येऊ शकतो.

आता 'अपडेट' दाबा. चिप जुनं पुसते, मग नवं लिहायला घेते. जुनं गेलंय, नवं आलेलं नाही, अशा या अवधीत श्वास जपून घ्यावा. माझ्या पहिल्या वेळी 62 टक्क्यांवर शेजारच्याने एक्स्टेंशन बोर्डातला आमचा प्लग काढून स्वतःचा फोन लावला. 'पाचच मिनिटं,' म्हणाला. शहाण्या चिपमध्ये दोन कप्पे असतात; नवी प्रत नीट उतरेपर्यंत जुनी जपलेली असते. आमच्या चिपला एकच कप्पा. बूटलोडर शाबूत होता म्हणून ती शुद्धीवर आली. तोही गेला असता तर साहेबी भाषेत अशा बोर्डाला वीट म्हणतात. आपल्याकडे थेट 'भावपूर्ण'.

लिहून झालं की चेकसम जुळवा, सप्लाय बंद करून पुन्हा चालू करा, आवृत्तीचा नंबर वाचा. हे कंटाळवाणं आहे. करा.

मग लॅपटॉप लावा. 100 वॅट दिसायला हवेत, दिसतील 60. आता नवशिक्या काय करतो? पुन्हा फर्मवेअर भरतो. मग पुन्हा एकदा. मीही भरलं, रात्री साडेदहापर्यंत. तीन अँपियरच्या वर जायचं तर केबलच्या टोकात तिची स्वतःची छोटी चिप लागते. ती नसली की चार्जर वीस गुणिले तीनवर अडून बसतो, आणि बसावंच.

केबल कोणाची, म्हणून विचारलं. पाच मिनिटंवाला म्हणाला, "माझीच. फास्ट आहे ना?"