गुदमरण्याबाबतचे परिपत्रक

गेल्या रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर एक माणूस पाऊण तास गुदमरत होता. तेवढ्यात दोनदा चहा झाला आणि कांदाभजीचे दोन घाणे निघाले. सर्वांत जास्त भजी गुदमरणाऱ्यानेच खाल्ली.

घाबरू नका. गुदमरत होता तो माझ्या भाच्याचा कुऱ्हाडवाला योद्धा, आणि तोही कागदावर. भाचा आणि त्याचं टोळकं दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतं. खेळ अमेरिकेतला, १९७४ सालचा. सोंगट्या असल्या तर असल्या; खरं सामान म्हणजे फासे, पेन्सिली आणि विटेच्या जाडीची नियमांची पुस्तकं. एकजण ‘डीएम’, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट सांगतो आणि राक्षसांची बाजू सांभाळतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या जिवावर उदार होतात. आमच्याकडची डीएम सीएची आर्टिकलशिप करणारी मुलगी आहे, त्यामुळे राक्षसांचे हिशेब चोख असतात.

मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. माझी उभी हयात एका सरकारी लेखा शाखेत जीआर वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर नियम या वस्तूकडे ढुंकूनही बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण कानांना निवृत्ती नसते.

झालं असं, की गुहेच्या छतावरून लोंबणारा दगड दगड नव्हता. तो डार्कमँटल नावाचा प्राणी होता. हा छताला सुळक्यासारखा चिकटून राहतो, खालून कोणी गेलं की पडतो आणि थेट डोकं गुंडाळून बसतो. पुस्तकात लिहिलंय, की असं डोकं सापडलेल्याला दिसत नाही आणि श्वास घेता येत नाही. पूर्णविराम. श्वास घेता येत नाही म्हणजे पुढे काय, ते त्या पानावर नाही. ते दुसऱ्या पुस्तकात आहे. हे ऐकलं आणि मी पेपर खाली ठेवला. घरी आल्यासारखं वाटलं.

“कॉन्स्टिट्यूशन किती तुझं?” डीएमने विचारलं.

“चौदा,” भाचा म्हणाला.

मला वाटलं, कलम १४, कायद्यापुढे समानता. पण इथे कॉन्स्टिट्यूशन म्हणजे अंगाचा काटकपणा. चौदाला बोनस दोन. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे एक मिनिट अधिक बोनसइतकी मिनिटं श्वास रोखता येतो. म्हणजे तीन मिनिटं. लढाईतला एक राउंड सहा सेकंदांचा. म्हणजे तीस राउंड. आणि लढाई साधारण चार-पाच राउंडांत आटोपते.

“थोडक्यात,” भाच्याने भजं उचललं, “हा प्राणी माझ्या डोक्यावर कानटोपी म्हणून बसलाय.”

यावर समोरच्या चष्मेवाल्याने त्याच नियमाचं पुढचं वाक्य वाचलं. श्वास संपला ‘किंवा’ घुसमट, म्हणजे चोकिंग, सुरू झाली, तर बोनसइतकेच राउंड मिळतात. भाच्याला दोन. बारा सेकंद. त्यानंतर हिट पॉइंट, म्हणजे जिवाची शिल्लक, कितीही असोत, थेट शून्य. “श्वास रोखायला आधी तो घ्यावा लागतो. छतावरून अचानक पडलेल्या गोष्टीसाठी तू काय गाल फुगवून चालला होतास?”

“आणि हा ओरडला होता,” तिसरी म्हणाली. “आई गं, असं. मी ऐकलंय.”

“ते मी ओरडलो. माझा योद्धा नाही.”

ओरडल्याने छातीतली हवा कमी होते का, यावर हे पुस्तक गप्प आहे. पाथफाइंडर नावाच्या दुसऱ्या एका खेळाची २०१९ ची आवृत्ती मात्र गप्प नाही. तिथे हल्ला केला तर हवा दुप्पट वेगाने संपते आणि तोंडातून शब्द काढला तर उरलेली सगळीच जाते. बोललात की मेलात. हा नियम करणारा कधीतरी सरकारी नोकरीत असावा.

एकीकडे तीन मिनिटं, दुसरीकडे बारा सेकंद, आणि दोन्ही एकाच परिच्छेदातून. आमच्या शाखेत अशा परिच्छेदांवर माणसं बढती घेऊन गेली आहेत.

मग कळलं, की या मंडळींत दोन पंथच आहेत. एक ‘रॉ’, म्हणजे लिहिलंय तसं. दुसरा ‘राय’, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात होतं तसं. खेळ काढणारी कंपनी ‘सेज अॅडव्हाइस’ नावाने रीतसर खुलासेही काढते, आणि त्यांत या दोघांच्या जोडीला तिसरी कसोटी आहे, मजा. आमच्याकडेही कसोट्या तीनच होत्या. शब्द, हेतू आणि वित्त विभागाची सहमती.

रॉपंथीयांनी शब्द धरून ठेवल्यावर काय होतं, ते पुढच्या अर्ध्या तासात मी पाहिलं. जिलेटिनस क्यूब हा दहा फुटी जेलीचा ठोकळा. तो माणसाला पोटात घेतो तेव्हा श्वास बंद, असं पुस्तकात स्पष्ट आहे. पर्पल वर्म हा अजस्र किडा माणूस गिळतो, तेव्हा दिसत नाही, हलता येत नाही, आम्लाने कातडी जाते. पण श्वासाबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे किड्याच्या पोटात हवा खेळती आहे. पुण्यातल्या किती फ्लॅटांना हे भाग्य लाभतं?

ट्रोलची केस तर मी फाईलला लावून ठेवावी अशी. ट्रोल हा राक्षस स्वतःच्या जखमा आपोआप भरून काढतो. तो मरतो एकाच अटीवर, शून्य हिट पॉइंटवर असताना त्याची जखम भरायची राहिली तर. त्यासाठी लोक आग किंवा आम्ल वापरतात. पण श्वास कोंडलेल्याला हिट पॉइंट परत मिळत नाहीत, असं वाक्य आहे. म्हणजे आगपेटी नसली तरी ट्रोल बुडवून मारता येतो. त्याचा बोनस पाच, म्हणजे सहा मिनिटं आणि वर पाच राउंड त्याला पाण्याखाली दाबून धरायचं. कोणी धरायचं, यावर नियम गप्प.

गंमत म्हणजे ते वाक्य मुळात नव्हतंच. शुद्धिपत्रकाने आलं. त्याआधी मित्र बुडत असला तर काठावर उभं राहून त्याच्यावर बरं होण्याचे मंत्र टाकत राहायचं. तो मरायचा, उठायचा, मरायचा, उठायचा. पाण्यातून बाहेर काढण्याची तरतूद कुणी शोधतच नव्हतं. आमच्याकडे याला मुदतवाढ म्हणत.

एवढ्यात चौथा बोलला. हा पूर्णवेळ गप्प होता, कारण त्याचं पात्र वॉरफोर्ज्ड, म्हणजे घडवलेला यंत्रमानव. त्याला खाणं, पिणं, श्वास काहीच लागत नाही. “माझं काही म्हणणं नाही,” तो म्हणाला. ज्याला नियम लागू नाही, त्याच्याइतका समंजस माणूस बैठकीत दुसरा नसतो.

या खेळाच्या दोन जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्स. हे गृहस्थ आधी शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर होते, म्हणजे कोणावर कसलं संकट कोसळेल याचा अंदाज बांधून पोट भरत. ती नोकरी गेल्यावर त्यांनी काही काळ तळघरात चपला-बूट दुरुस्त केले. विमा आणि चांभारकी या दोन्हींचा मिलाफ म्हणजे ही नियमपुस्तकं. जोखीम मोजलेली आणि ठिगळं भरपूर. तरी याच माणसाने १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात अखेरीस बजावून ठेवलंय, की नियमाच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा मोठा. शेवटचं पान आमच्या शाखेतही कुणी वाचत नसे.

ठिगळांचा हिशेब असा. २००३ च्या आवृत्तीत कॉन्स्टिट्यूशनच्या दुप्पट राउंड श्वास रोखता यायचा. मग दर राउंडला परीक्षा, ती दर खेपेला एका अंकाने कठीण, आणि नापास झालात की मरण तीन हप्त्यांत. २०१४ ला हप्ते बंद. २०२४ ला पुन्हा सुरू. आता श्वास संपल्यावर दर पाळीला थकव्याची एक पायरी चढायची, सहाव्या पायरीवर मरण. मधेच श्वास मिळाला तर त्या पायऱ्या माफ. पन्नास वर्षं झाली, माणूस गुदमरतो कसा यावर सुधारणा चालूच आहेत.

मला हसू येत होतं, आणि मग यायचं थांबलं.

आमच्या शाखेत एक कारकून होते. फुप्फुसं गेलेली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला सांगितलं, त्यांनी कर्ज काढून घेतलं आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल लावलं. बिल माझ्या टेबलावर आलं. नियमात ‘औषधे’ असा शब्द होता. मी माझ्या सुवाच्य अक्षरात टिपणी लिहिली, “सदर यंत्र ‘औषधे’ या संज्ञेत मोडते किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा.” साहेबांनी शाबासकी दिली. प्रश्न खरोखरच चांगला होता. तो वर गेला, आणखी वर गेला, एक शंका घेऊन खाली आला, शंकानिरसन घेऊन पुन्हा वर गेला. अखेर खुलासा आला, “प्रचलित नियमांनुसार कार्यवाही करावी.” तोवर अर्जदाराच्या नावाआधी ‘कै.’ लागलं होतं. बाकी फाईल अगदी नियमात होती.

“काका, तुम्ही एवढी वर्षं नियम लावलेत,” डीएम म्हणाली. “तुम्ही काय कराल?”

मी चष्मा पुसला. “आधी जुनी प्रकरणं पाहावी लागतील,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली, दोन्ही पुस्तकं मिटली आणि वहीत लिहिलं, “डोक्यावर अचानक काही बसलं तर कॉन्स्टिट्यूशन चेक, दहा. पास तर श्वास घेतलेला, नापास तर चोकिंग. माझ्या राक्षसांनाही हेच.” मग भाच्यापुढे फासा सरकवला. आठ पडले, दोन बोनसचे, दहा. काठावर पास. पुढच्या राउंडला यंत्रमानवाने हात घालून तो प्राणी ओढून काढला आणि योद्ध्याने श्वास घेतला.

सगळे गेल्यावर वही टेबलावरच राहिली होती. मी ते पान नीट वाचलं. खाली तारीख होती, तिची आडवी सही होती. जावक क्रमांक नव्हता. पान उलटून मागेही पाहिलं.