पायांमधली जागा

स्कूटर आमच्या घरी आली त्याच्या कितीतरी वर्षं आधी तिची पावती आली होती. लायसन्स-परमिटच्या त्या काळात बजाजची स्कूटर नोंदवायची आणि मग निवांत आपल्या संसाराला लागायचं, अशीच रीत होती. नंबर लागेपर्यंत नोंदवणाऱ्याचे केस कानशिलाशी पिकू लागत. आमची पावती गोदरेजच्या कपाटात, घरातल्या पत्रिकांच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असे. भविष्य दोन्हींत होतं. बाबांचा विश्वास मात्र पावतीवर अधिक.

या वाहनाचं घराणं इटलीतलं, पोन्तेदेरा गावचं. कोरादिनो दास्कानियो हा मूळचा विमानं आणि हेलिकॉप्टरं घडवणारा माणूस. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीच्या ग्रीसने कपडे खराब होतात, टाकीवर ढांग टाकून बसावं लागतं, हे त्याला पटेना. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशी झाकणाखाली लपवलं, विमानाच्या चाकासारखं पुढचं चाक एकाच दांड्यावर तोललं, आणि सीट ते हँडल एवढी जागा सपाट, मोकळी सोडली. 1946 साली व्हेस्पा रस्त्यावर आली. पुढे बजाजने ती परवान्याने आपल्याकडे बनवली, तो करार 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी तोच बांधा घेऊन चेतक आली. पायांपुढे मोकळी जागा असली म्हणजे माणूस खुर्चीत बसल्यासारखा ऐटीत बसेल, एवढंच त्या सद्गृहस्थाच्या मनात असणार. त्याने मराठी घर पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे जागा मोकळी दिसली की तिथे काही तरी ठेवलं जातं.

त्या हातभर जागेत गॅसचा सिलेंडर उभा राहायचा आणि बाबांचे गुडघे दोन्हीकडे दाराच्या झडपांसारखे उघडायचे. ब्रेकचं पेडल उजव्या पायाशी. सिलेंडर आणि पेडल यांच्यामध्ये चप्पल कशीबशी शिरे, म्हणून त्या दिवशी स्कूटर फार सौजन्याने चाले. गव्हाचं पोतं, दळणाचा डबा, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हापूसची पेटी, सगळ्यांनी तिथून प्रवास केला. गणपती मात्र तिथे कधी बसला नाही. पायाशी देव कसा ठेवायचा? तो मागे, आईच्या मांडीवर, तोंडावर रुमाल घेऊन यायचा. पुढे दुर्वांची पिशवी सांभाळत मी.

कारण एरवी ती जागा माझी होती. राणा प्रतापांच्या घोड्यावर स्वार एकच असे, पण त्याच नावाच्या आमच्या वाहनावर चौघं बसत, आणि त्यांतला पहिला उभा असे. हँडलच्या मध्यभागी हात, नाकासमोर स्पीडोमीटरचा थरथरता काटा, टाळूवर बाबांची हनुवटी. पर्वतीच्या बाजूने वारा आला की तो आधी मला लागे, मग बाकी कुटुंबाला. मुलाची वाढ दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतात म्हणे. आमच्याकडे ती बाबांना रस्ता दिसेनासा झाला की कळे. आधी “मान जरा खाली घे रे” झालं, मग “अजून जरा”. काही महिने मी सगळं पुणे मान तुकवून पाहिलं. मग मला मागे बढती मिळाली आणि पुढे धाकटी उभी राहिली. बढती म्हणायची ती रीत म्हणून. मागे दोघांच्या मध्ये दिसायचा तो बाबांचा शर्ट.

स्कूटरची नखरे करायची पद्धत सगळ्या गल्लीला पाठ होती. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने घालायचं, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, पावसाळ्यात सकाळी चोक ओढून, तिला एका अंगाला कलती करून, किक मारायची. बँकेतले साहेब असोत की संस्कृतचे सर, सकाळी प्रत्येक जण आपापल्या दारात तिला कलती धरून कान देऊन उभा असे. काय ऐकत असत कोण जाणे.

पुढे मोटरसायकली आल्या. त्यांच्या पोटात टाकी. मध्ये काही ठेवायची सोय नाही, आणि त्याची कोणाला खंतही दिसली नाही. चेतक बंद झाली. 2020 मध्ये ती विजेवर चालणारी होऊन परत आली, तेव्हा बाबांना घेऊन बघायला गेलो. तिथला मुलगा बॅटरी, चार्जिंग, मोबाइलवरचं ॲप उत्साहाने सांगत होता. तिला गिअर नाही, किक नाही, मागे जायचीही सोय आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग वाकले आणि पायांपुढची जागा वितीने मोजू लागले.

“सिलेंडर राहील का हो इथे?”

“अहो, पाइपचा गॅस येऊन किती वर्षं झाली!” आई म्हणाली. मग तीही जरा वाकली. “दळणाचा डबा राहील पण. बघा ना नीट.”