सुतळीवाले तात्या

सावंतवाडीत नवा माणूस भेटला की लोक आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग गावातली वाडी. आमचे तात्या यातलं काहीच विचारत नाहीत. ते विचारतात, "रात्री अडीचाक छातीत दुखाक लागला, तर तुमका खय नेतत?"

उत्तर मिळालं की तात्यांच्या लेखी तुमचा पत्ता लागला. चंदगडचा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातला नव्हे, बेळगाववाला. तलासरीचा वलसाडवाला, नाहीतर सिल्वासावाला. नवापूरचा सुरतवाला, सिरोंच्याचा वरंगळवाला. आणि दोडामार्गचा अर्थातच बांबोळीवाला. जिल्हे-तालुके सरकारने पाडले, पण माणूस खरा कुठला हे त्याला कळ येते तेव्हाच ठरतं, असं त्यांचं पक्कं मत आहे. एकदा एका नवख्या पाहुण्याने "आम्हाला तसं काही झालेलं नाही अजून" असं सांगितलं. तात्या त्याच्याकडे बघतच राहिले. बिनपत्त्याचा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता.

तात्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झाले. उमेदीत सगळे त्यांना मलेरियावाले म्हणत. घरोघर जाऊन तापकऱ्याचं बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, भिंतीवर भेटीची तारीख लिहायची, विहिरीत टीसीएल पावडर पडली का बघायचं, डबक्यात गप्पी मासे सोडायचे. उपकेंद्राच्या भिंतीवरचा गावाचा नकाशाही त्यांनीच रंगवलेला. नोकरी संपली, नकाशा सुटला नाही. शाळेतल्या मुलांना लागतात तसले महाराष्ट्राचे कोरे नकाशे ते अजून गठ्ठ्याने आणतात. पुस्तकवाल्याची समजूत अशी, की तात्यांचा नातू भूगोलात वर्षानुवर्षं नापास होतोय.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम सुतळीचं एक बिंडोळं असतं. त्यामागे इतिहास आहे. नियम असा, की सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे. उपकेंद्र पाच हजारांमागे, डोंगरात तीन हजारांमागे. हा नियम डोकी मोजतो, रस्ते नाही. एकदा वरून एक साहेब आले आणि त्यांनी कंपासने नकाशावर केंद्राभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं. खाडीपलीकडची वाडी अलगद वर्तुळात आली. साहेब खूश. तात्यांनी सुतळी काढली, वाडीपासून रस्त्यारस्त्याने वळवत, पुलाला वळसा घालत केंद्रापर्यंत आणली आणि मोजली. तेवीस किलोमीटर भरले. साहेब म्हणाले, होडी आहे ना? तात्या म्हणाले, "होडी आसा, पण होडयेवालो संध्याकाळी सातानंतर स्वतःच पेशंट आसता."

तेव्हापासून त्यांचा सिद्धान्त ठरला: "पट्टी लावन नकाशे करणारो माणूस कधी पेशंटाक घेवन गेलेलो नसता." सुतळीनेही त्यांचं समाधान झालं नाही. रस्ता बारमाही आहे का, साकव शाबूत आहे का, घाटात दरड आहे का, हे सुतळीला कळत नाही. मग त्यांनी किलोमीटर सोडले आणि तास धरले. तेही कुठलेही तास नव्हेत, जुलैतल्या रात्रीचे. त्यांचा सगळ्यात मोठा नकाशा या हिशेबाचा आहे. त्यात मुंबई-पुणे एकमेकांना खेटून बसलेत आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड कागदाबाहेर जातं. म्हणून तात्यांनी उजव्या कडेला डिंकाने एक जादा कागद डकवलाय. धडगावच्या पाड्यांसाठी वर एक. मेळघाटासाठी जागाच उरली नव्हती, तर त्याला मधे घडी घालून उघडझाप करणारी खिडकी केलीय. त्यामुळे हा नकाशा आता मिटत नाही. पलंगाखाली असतो, आणि तात्यांच्या बायकोला केर काढायचा तर मराठवाड्यावरून काढावा लागतो.

नकाशातल्या खुणाही सरकारी नाहीत. १०८ची गाडी राज्यात २०१४ साली सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका आल्या, तेव्हा तात्यांनी गावात पेढे वाटले. आठवड्याने त्यांच्या लक्षात आलं, की काही वाड्यांत फोन लागायला टेकडीवर चढावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्या टेकड्यांवर लाल क्रॉस आले. खुणांच्या यादीत 'रेंज' ही आरोग्य संस्था आहे, ग्रामीण रुग्णालयाच्या लगेच खाली. नंदुरबारात नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांसाठी होडीवरचा तरंगता दवाखाना आहे. तो आज कुठे असेल या विवंचनेत तात्या तो पेन्सिलीनेच काढतात, आणि खोडून खोडून तिथे कागदाला भोक पडलंय.

गडचिरोलीत मात्र ते चकले होते. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्याच बायकांना घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं, आणि तिथले बालमृत्यू कसे घटले ते १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आता याला खूण कुठली द्यायची? ना इमारत, ना पाटी, ना वाहन. बराच विचार करून तात्यांनी त्या गावांपुढे शून्य तास लिहिलं. सबंध नकाशावर अशी शून्यं थोडीच आहेत आणि ती ते पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

याच 'लॅन्सेट'वरून आठवलं. तात्यांचा एक पुतण्या डॉक्टर आहे. त्याने त्यांना एकदा सांगितलं, की ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या, वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टराने १९७१ साली त्यात एक नियम मांडला: जिथे गरज जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हेका लॅन्सेट कित्याक व्हया? आमच्याकडे ह्या यष्टीत सांगतत."

सिंधुदुर्गाच्या नकाशावर तर बाणच बाण. सगळे दक्षिणेकडे, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे. आमच्या भागातल्या कित्येक पोरांचा जन्मदाखला गोव्याचा आहे. सरकारी नकाशावर याची कबुली नसते, बारशाच्या पेढ्यांत असते. २०१६ साली दोडामार्गात माकडताप आला. काजूच्या बागेत गोचीड चावायची आणि माणूस तापाने फणफणायचा. निवृत्त झालेले तात्या पुन्हा ड्यूटीवर असल्यासारखे हिंडायला लागले. मेलेलं माकड दिसलं की लोक आधी तात्यांना फोन करत, मग वनखात्याला. तात्या प्रत्येक माकडामागे एक टिंब काढत. टिंबांची रांग शेजारच्या सत्तरी तालुक्याकडून आलेली दिसत होती, म्हणजे ताप गोव्यातून आला आणि तापकरी गोव्याला गेले. पुढे २०१८च्या जानेवारीपासून बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, दोडामार्गात आंदोलन पेटलं. तात्या आंदोलनात जाऊन बसले, पण घोषणा देईनात. म्हणाले, खाट त्यांची, औषध त्यांचं, ते किती दिवस पुरवणार? मग थोड्या वेळाने स्वतःशीच: "येताना माकडाक कोणी कागद इचारूक नाय, जाताना माणसाक इचारतत." शेजारच्या कार्यकर्त्याने हे वाक्य माइकवरून म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. तात्यांना त्याचा राग अजून आहे.

नोकरीतली आणखी एक सवय त्यांना लागलीय. पिण्याच्या पाण्याची तपासणी करून आरोग्य खातं ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं, आणि पाच वर्षं साथ नसेल तर चंदेरी. तात्या आता नातेवाइकांना कार्डं देतात. बायकोच्या माहेराला गेली कित्येक वर्षं लाल आहे, त्यावरून घरात दिवाळीच्या दिवाळी बोलणी होतात. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलगा शिकलेला, घर पक्कं, काजूची बाग. बैठकीत तात्यांनी एकच प्रश्न विचारला: "उपकेंद्रातली नर्सबाय थय रवता, काय येवन-जावन करता?" वरपित्याने गावातल्या देवळाची आणि हायस्कुलाची माहिती दिली. तात्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. नर्सबाई येऊन-जाऊन करते असं निघालं. बाहेर येऊन तात्या म्हणाले, "मुलगो बरो आसा, पण गाव लाल आसा." लग्न झालं. पहिलं बाळंतपण बांबोळीला. तात्या आदल्या महिन्यातच वरपक्षाच्या गावी जाऊन सुतळी टाकून आले होते.

दवाखाना जवळ असला की तात्या खूश, असंही नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातली ६०.७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, नागालँडमधली ५.२ टक्के. हे वाचलं तेव्हा त्यांनी दोन्ही राज्यांना लालच रंग दिला. एकीकडे सुरी पोचत नाही, दुसरीकडे थांबत नाही. हिरवा रंग कुठे द्यायचा म्हणून ते बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले होते.

त्यांचा आदर्श म्हणजे जॉन स्नो. १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात मृत्यूंचा नकाशा मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवणारा हा डॉक्टर तात्यांना ट्रेनिंगमध्ये भेटला. ते त्यांना 'स्नोसाहेब' म्हणतात, जणू ओरोसच्या जिल्हा ऑफिसात शेजारी बसायचे. पंपाचा दांडा काढला गेला हे ऐकून तात्यांनीही एका हगवणीच्या साथीत विहिरीचा रहाट सोडवला आणि सायकलला बांधून आणला. विहीर सरपंचांची निघाली. तात्यांच्या बदलीचा अर्ज साथ आटोपण्याआधीच जिल्ह्याला पोचला. "स्नोसाहेबाक सरपंच नव्हतो," एवढंच ते म्हणतात.

अलीकडे मुलाने ठाण्यात घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तात्या राहायला गेले. गॅलरीतून मोठमोठ्या इस्पितळांच्या पाट्या दिसत होत्या. तात्या अगदी कोमेजले, नकाशा काढायला काही शिल्लकच नव्हतं. मग एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी खाली तुंबलेल्या गाड्यांतून एका रुग्णवाहिकेचा भोंगा किती वेळ एकाच जागी वाजतोय ते घड्याळ लावून मोजलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. सकाळी वॉचमनने त्यांना लिफ्टमध्ये ओणवं होऊन सुतळी टाकताना पकडलं. दुपारी सोसायटीच्या फलकावर पिवळं कार्ड लागलं: 'लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. रात्री अकरानंतर दुसरी लिफ्ट बंद. सुधारणेस वाव.' सेक्रेटरींनी ते काढलं. तात्यांनी दुसरं लावलं. मुलगा दोघांची समजूत घालत वर-खाली करत राहिला. शेवटी सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर लिफ्टचा विषय घेण्यात आला, पार्किंग आणि गणपतीची वर्गणी यांच्यानंतर.