आईसाठी हवंय

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली आहे. वय वर्षं चौदा. पाचव्या दिवशी घरातलं वायफाय बंद पडलं आणि ती म्हणाली, "मावशी, वाचायला काहीतरी दे ना. फक्त लहान मुलांचं नको. आणि मोठ्यांचं बोअरही नको." या दोन चाळण्यांतून माझ्या कपाटातलं एकही पुस्तक खाली उतरेना. मग ऊन कलल्यावर तिला घेऊन वाचनालयात गेले.

काउंटरवरच्या मॅडमना विचारलं, "चौदा वर्षांच्या मुलीला कुठलं कपाट?"

मॅडमनी भाचीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एसटीचा कंडक्टर हाफ तिकिटाच्या पोराकडे पाहतो ना, तसं. "बाल विभाग बारापर्यंत," त्या म्हणाल्या, "पुढे सगळं एकच." म्हणजे हिशेबही एसटीचाच. बाराव्या वर्षापर्यंत हाफ, तेराव्या वाढदिवसाला एकदम फुल्ल. काल संध्याकाळपर्यंत फास्टर फेणेबरोबर सायकल हाणणाऱ्या मुलीने आज सकाळी उठून कौटुंबिक कलहाच्या कादंबरीत नांदायला जायचं. मधे थांबा नाही.

तसा 'कुमार साहित्य' हा शब्द आपल्याकडे आहे. तो पुरस्कारांच्या यादीत दिसतो, परिसंवादात दिसतो. कपाटावर चिकटवलेला मात्र मी फार कमी ठिकाणी पाहिला. आमच्या वाचनालयात बाल विभाग संपतो तिथे पाण्याचा माठ आहे, माठाच्या पलीकडे कादंबऱ्या सुरू होतात. चौदा वर्षांच्या वाचकाची हक्काची जागा म्हणायची तर ती माठाची.

माझ्या लहानपणी माठ होता तिथेच होता, पण कपाटांना कुलूप असे. मुक्तद्वार पद्धत वगैरे पुण्या-मुंबईकडच्या गोष्टी. आमच्याकडे देवघेवीच्या खिडकीत अण्णा बसत आणि खिडकीच्या दांडीला सुतळीने बांधलेली यादी लोंबत असे. यादी म्हणजे वरवंट्याएवढं जाड रजिस्टर, पुस्तकांच्या नावांप्रमाणे अकारविल्हे. लेखक कोण ते शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, बहुतेक वेळा शाई सांडलेल्या भागात. त्यातून नाव आणि दाखल क्रमांक शोधून चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी आत सरकवायची. मागे रांग. त्यामुळे यादीचा 'क' ओलांडून पुढे जाण्याइतका धीर कुणालाच नसे. आमच्या गावाचं मराठी साहित्याचं ज्ञान 'अ' पासून 'क' पर्यंत अगदी पक्कं आहे. 'म' आणि 'य' ची पुस्तकं वाचली ती लग्न होऊन बाहेरगावाहून आलेल्या सुनांनी. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य आचार्य एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यांतलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. सुतळीला बांधलेल्या त्या रजिस्टराच्या कानावर ते गेलं नसावं.

त्यात पुस्तकं बांधणीला जात. परत येत ती एकाच रंगाच्या कापडात, एकाच जाडीच्या पुठ्ठ्यात, सगळी सारखी, शाळेच्या गणवेशातल्या मुलांसारखी. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीवर फक्त नाव आणि क्रमांक. आता निव्वळ नावावरून पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं हे ठरवणाऱ्या माणसाची अडचण समजून घ्या. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' मी पहिल्यांदा पाहिली ती गणिताच्या कपाटात, भूमितीच्या दोन मार्गदर्शकांच्या मधे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' इतिहासात होती. ही दोन स्वतः पाहिलेली. बाकीची मी आणि माझ्या मैत्रिणीने माठाजवळ उभं राहून रचली: 'काजळमाया' सौंदर्यप्रसाधनांत, 'ऑक्टोपस' प्राणिशास्त्रात, 'पार्टनर' वाणिज्य शाखेत. हा खेळ आम्हाला दोन सुट्ट्या पुरला.

पण या गोंधळाचे माझ्यावर उपकार आहेत. 'रणांगण' मी युद्धाचं पुस्तक म्हणूनच घरी आणलं. तोफा, वेढे, एखादा नकाशा असेल अशी अपेक्षा. निघालं काय, तर युरोपातून परतणारी एक बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू प्रवासी, आणि त्यांच्यातल्या हॅर्टाच्या प्रेमात पडलेला एक मराठी माणूस. १९३९ सालचं पुस्तक. ते वाचलं तेव्हा मी भाचीपेक्षा वर्षभरानेच मोठी असेन. कादंबरीच्या कपाटात असतं तर "हे तुझ्यासाठी नाही" असं कुणीतरी नक्की म्हणालं असतं. इतिहासातलं पुस्तक म्हटल्यावर वडील खूश झाले. म्हणाले, "वाच, वाच. परीक्षेला उपयोगी पडेल."

घरातल्या मोठ्या माणसांचा तपासनाका असाच चालतो. ते पुस्तक वाचून पाहत नाहीत, नाव पाहतात. नाव पौराणिक असलं की नाका आपोआप उघडतो. 'मृत्युंजय' तर आपल्याकडे तेराव्या वर्षी मुंजीच्या भिक्षावळीसारखी हातात पडते: जाडजूड, महाभारतातली, मुलगा महिनाभर गप्प बसेल. त्याच न्यायाने 'ययाति'. ज्ञानपीठ मिळालेले खांडेकर, पुराणातला राजा, अजून काय पाहिजे? वासनेमागे धावून धावून थकलेल्या राजाची ती गोष्ट आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी आजीच्या शेजारी बसून वाचली. आजी मधून मधून विचारायची, "कुठवर आलं गं?" आम्ही म्हणायचो, "आत्ताच शर्मिष्ठा आली." आजी समाधानाने वाती वळत राहायची. आणि नारायण धारपांच्या भयकथांत भुताखेतांशी दोन हात करणारा नायक आहे, त्याचं नाव समर्थ. ते नाव पाहून आमच्या आजोबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. मनाच्या श्लोकांनंतर पोर योग्य मार्गाला लागलं, असं त्यांना वाटलं असावं.

आमचं वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे, पण महाराष्ट्रात त्याचे पणजोबा आहेत. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४० सालचं, पुण्याचं १८४८ सालचं. आणि मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन', ती १८५७ सालची. म्हणजे रत्नागिरीत दार उघडल्या दिवशी कुणी "एखादी मराठी कादंबरी द्या हो" म्हणत आला असता, तर त्याला एकोणतीस वर्षं बाकावर बसावं लागलं असतं. शिवाय मिळाली असती ती विधवांच्या हालअपेष्टांची. त्याला जर नायक-नायिका, संकटं, सुटका असलं काही हवं असेल तर आणखी चार वर्षं, १८६१ च्या 'मुक्तामाले'पर्यंत. आपल्याकडे वाचनालयात कादंबरी शोधण्याची कला कादंबरीपेक्षा जुनी आहे, ती अशी.

आता सगळं शास्त्रशुद्ध झालंय. मॅडमनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवला. ड्यूईसाहेबांनी १८७६ साली जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा वाडे केले, त्यांत मराठी कादंबरीचा पत्ता ८९१.४६३. पत्ता अचूक, फक्त त्या पत्त्यावर सगळेच राहतात. 'यमुनापर्यटन' तिथेच, 'कोसला' तिथेच, 'बनगरवाडी', 'मृत्युंजय', 'दुनियादारी' तिथेच. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचा कबिला घेऊन झुंजार आणि काळापहाडही त्याच चाळीत. पोस्टमनने पत्र टाकावं कुठे? त्यातून मिलिंद बोकीलांची 'शाळा' घ्या. नववीतल्या मुलाची गोष्ट, आणीबाणीचे दिवस, वर्गातली एक मुलगी. पात्रांची वयं पाहिली तर बाल विभाग, लिहिलंय ते पाहिलं तर मोठ्यांचं. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर त्याहून लहान, आणि त्याच्या गोष्टी वाचून डोळे पुसणारे सगळे पन्नाशीचे. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस'ही असंच अधांतरी. मुलाने हरणाचं पिल्लू पाळलं एवढंच ऐकून लोक ते सहावीतल्या पोराला वाढदिवसाला देतात. शेवटाकडे पोचल्यावर पोर दोन दिवस जेवत नाही आणि देणाऱ्या काकांशी बोलत नाही.

मूळ मुद्दा राहिलाच. कपाटांना कुलूप आणि मला वय नाही, तर मी पुस्तकं मिळवत कशी होते?

आईच्या नावावर. बाल विभागाच्या कार्डावर फक्त 'बाल' शिक्क्याची पुस्तकं मिळत. ती मी सहावीतच संपवली होती, गोट्या आणि चिंगीसकट. आईचं कार्ड सर्वसाधारण विभागाचं, एक पुस्तक, एक मासिक. ती दुपारी कामात असायची, म्हणून पुस्तक बदलून आणायचं काम माझं. अण्णा चष्म्यावरून बघत विचारायचे, "कुणासाठी?" मी म्हणायचे, "आईसाठी हवंय." आईचं खरं मागणं साधं असे. "काहीतरी बरं आण," इतकंच. त्या 'बऱ्या'ची व्याख्या मी सोयीने करत गेले. जून महिन्यात आईने ओळीने सात अर्नाळकर वाचले. श्रावणात तिला धारपांची ओढ लागली. दिवाळीच्या आसपास तिचं मन सुहास शिरवळकरांवर बसलं. मधेच एकदा तिने भाऊ पाध्यांची 'वासूनाका' मागवली. तेव्हा अण्णांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर गेलंय." ते बाहेर गेलं नव्हतं. मला खिडकीतून कपाटात दिसत होतं. अण्णांचं वर्गीकरण ड्यूईच्या तोडीचं होतं, फक्त ते कुठे छापलेलं नव्हतं.

मला नंतर कळलं की गावातल्या तेरा ते सतरा वयाच्या सगळ्याच मुलामुलींच्या आया त्या काळात भयंकर वाचत. कुणाची आई फक्त गुरुनाथ नाईक वाचायची. एकाच्या वडिलांचं कार्ड होतं. ते दिवसभर किराणा दुकानात आणि कागदोपत्री मात्र 'कोसला' दुसऱ्यांदा.

व्हायचं ते झालं. अण्णा एकदा आईला भाजी मंडईत भेटले आणि भर मेथीच्या ढिगापाशी म्हणाले, "वहिनी, तुमचं वाचन म्हणजे अफाट हो! पण रात्री-बेरात्री इतकी भुताची नका वाचू." आई मेथी निवडत राहिली. म्हणाली, "आवडतात मला." घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून तिने मला समोर बसवलं. "आता मी काय काय वाचलंय ते जरा नीट सांग," ती म्हणाली, "पुन्हा भेटले तर मला बोलता आलं पाहिजे." मी सांगितलं. सगळं. कथानकांसकट. दोन संध्याकाळी लागल्या. समर्थ पहिल्यांदा त्या वाड्यात शिरतो तिथे तिने गॅस बारीक केला. पुढच्या आठवड्यात मी पुस्तक आणलं तर ते माझ्या आधी तिनेच उघडलं होतं, आणि खूण घालायला मेथीची काडी.

भाची मात्र माठ ओलांडून केव्हाच आत घुसली होती. आता कपाटं उघडी असतात. अर्ध्या तासाने ती सापडली ती मागच्या बाजूला, फरशीवर मांडी घालून. हातात कापडी बांधणीचं एक जुनं रहस्य. "मावशी, हे बघ ना," ती म्हणाली, "कॉमेंट्स आहेत!" पान बारावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'खुनी मुनीम आहे.' त्याखाली निळ्या शाईत, 'मूर्खा, बाकीच्यांची मजा का घालवतोस?' त्याखाली तिसऱ्याच अक्षरात, 'मुनीम नाही. शेवटपर्यंत वाचा.' मी घाईने शेवट उघडून पाहिला. शेवटची चार पानं नव्हती. भाचीने ते पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाली, "हेच हवंय." दोन चाळण्यांचा प्रश्न तिथे मिटला. बरोबर तिने 'शाळा' घेतली आणि एक धारप.

काउंटरवर मॅडमनी विचारलं, "कुणाच्या नावावर टाकू?" भाचीने माझ्याकडे बोट केलं.

याला आता तीन आठवडे झाले. ती एकटीच जाते, माझं कार्ड घेऊन. परवा मॅडम बँकेत भेटल्या. रांगेत माझ्या मागेच होत्या. "ताई, वाचन वाढलंय हं तुमचं," त्या म्हणाल्या. "या महिन्यात सहा धारप झाले."

"हो ना," मी म्हटलं, "रात्री झोपच लागत नाही."

ते तसं खोटंही नव्हतं. शेजारच्या खोलीतला दिवा दोन-दोन वाजेपर्यंत चालू असतो, आणि तीन वाजता कुणीतरी येऊन विचारतं, "मावशी, मी तुझ्याजवळ झोपू?"