सावली हेही सरकारचं काम

सिंगापूरहून परतलेल्या मराठी माणसाच्या मोबाईलमध्ये ठरलेले फोटो असतात. तोंडातून पाण्याची धार सोडणारा मर्लायन, तीन मनोऱ्यांवर आडवी टेकलेली मरीना बे सँड्सची गच्ची, गार्डन्स बाय द बेमधली पोलादी झाडं. वाक्यही ठरलेलं: ‘काय स्वच्छता आहे हो!’ स्वच्छता आहेच. पण या शहराची खरी करामत त्या फोटोंत येत नाही. ती दिसायला सहलीच्या गार बसमधून उतरून पायी चालावं लागतं, आणि सहल कंपनी तुम्हाला चालू देत नाही.

चांगी विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं की उकाडा अंगावर येतो. विषुववृत्त इथून दीड अंशही लांब नाही. हिवाळा नावाचा प्रकार नाही. जानेवारी असो की जुलै, दुपारी पारा एकतीस-बत्तीसच्या आसपास, आणि रात्र झाली म्हणून हवा गार होत नाही. 13 मे 2023 रोजी अँग मो किओ भागात 37 अंशांची नोंद झाली आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या उच्चांकाशी बरोबरी झाली. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला 37 हा आकडा किरकोळ वाटेल. पण विदर्भातलं ऊन कोरडं असतं, तिथे वाळ्याचा कूलर कामाला येतो. इथे हवाच पाण्याने भरलेली, घाम वाळतच नाही. मुंबईतला पावसाआधीचा आठवडा आठवा. तो इथे बारमाही आहे.

अशा हवेत पहिल्याच दुपारी तोआ पायोह या जुन्या वसाहतीतून मी मेट्रो स्टेशनपर्यंत पायी गेलो. वाटभर डोक्यावर ऊन जवळपास पडलंच नाही. इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला. त्याला तिथे ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. आजोबा मंडळी तिथे चिनी बुद्धिबळाचे डाव मांडून बसतात, मलय घरांतली लग्नं तिथे लागतात आणि चिनी कुटुंबं आपल्या मृतांना तिथेच अखेरचा निरोप देतात. त्या मोकळ्या तळमजल्यातून बाहेर पडलं की छप्पर असलेली पायवाट सुरू होते आणि बसथांब्याला, शाळेला, स्टेशनला नेऊन सोडते. भर दुपारी आणि धो धो पावसातही. 2013 साली तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने ठरवलं की मेट्रो स्टेशनपासून 400 मीटरच्या आतल्या शाळा, दवाखाने, वसाहती छपराखालच्या वाटेने स्टेशनला जोडायच्या. पुढच्या पाच वर्षांत 200 किलोमीटरहून जास्त वाटा बांधून झाल्या.

आणि ही बड्यांची वस्ती नव्हे. ही सरकारी घरं आहेत. 1960 साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या अशाच इमारतींत तिथले दहापैकी सुमारे आठ रहिवासी राहतात. म्हणजे सावली दिली ती पायी चालणाऱ्या बहुसंख्यांना. मोटार हवी असेल तर 1990 पासून आधी लिलावात दहा वर्षांचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि तो कित्येकदा गाडीपेक्षा महाग पडतो. रस्त्यावर पहिला हक्क कुणाचा, हे या एका तरतुदीवरून कळतं.

सावलीचा हा विचार आजचा नाही. 1822 च्या नगररचनेत ब्रिटिश सिंगापूरचा संस्थापक स्टॅम्फर्ड रॅफल्स याने हुकूम काढला होता की रस्त्याकडेच्या प्रत्येक घराला सलग, सदैव खुली, छपराची पडवी असलीच पाहिजे. चायनाटाउनमध्ये, सेरंगून रोडवर आजही त्या पडव्यांतून चालता येतं. गोऱ्या साहेबाचं हे शहाणपण फक्त सिंगापूरच्याच वाट्याला आलं होतं असं समजू नका. मुंबईत फोर्टातल्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, 1896 च्या नियमाने इमारतींच्या तळमजल्याला कमानींची सलग वाट सक्तीची केली होती. भर मे महिन्यात त्या कमानींखालून चालून बघा, मग शेजारच्या उघड्या रस्त्यावर या. फरक अंगाला कळेल. एवढा चांगला नियम आपल्याच शहरात असताना आपण तो पुढे का नेला नाही? आज मुंबई-पुण्यात उभ्या राहणाऱ्या टॉवरचे खालचे मजले मोटारींना, रस्त्याकडची बाजू कुंपणाच्या भिंतीला, आणि पादचाऱ्याच्या नशिबी तापलेले पेव्हर ब्लॉक. हे बांधकामाच्या नियमांनी घडतं, म्हणून नियमांनीच बदलता येतं.

सिंगापूरच्या झाडांचंही तेच. 1963 साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वतः झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली. आपल्याकडेही मंत्री झाड लावतात. फरक दुसऱ्या वर्षी दिसतो. तिथे लावलेल्या झाडाला पाणी घालायला, छाटायला, आजारी पडलं तर तपासायला पगारी माणसं नेमलेली असतात. विमानतळावरून शहरात येणाऱ्या रस्त्यावर पर्जन्यवृक्षांनी जी कमान धरली आहे, ती त्या पगाराची कमाई आहे. हेच झाड आपल्या मुंबईतही आहे. रुंदीकरणात कुऱ्हाडीसमोर पहिलं तेच येतं.

ली यांचं दुसरं लाडकं साधन मात्र मला खटकतं. वातानुकूलन हा मोठाच शोध, असं ते मानत. सत्तेवर आल्यावर आधी सरकारी कचेऱ्यांत ती यंत्रं बसवली, असं त्यांनीच सांगितलं आहे. कारकुनाचं डोकं चालायला गारवा लागतो, हे कबूल. पण आज तिथल्या मॉलमध्ये लोक स्वेटर घालून बसतात, आणि आतला उष्मा यंत्रं बाहेर गल्लीत ओकतात. त्यापेक्षा हॉकर सेंटर बघा. उंच छप्पर, चारही बाजू उघड्या, वर गरगरणारे पंखे, आणि स्वस्तात पोटभर जेवण. 2020 साली युनेस्कोने ज्या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं, ती बहुतांशी या पंख्यांखाली वाढली आहे.

आता या शहराची सर्वांत वाईट गोष्ट. संध्याकाळी रस्त्यावरून लॉऱ्या जातात. मागच्या हौद्यात तमिळ आणि बांगलादेशी मजूर दाटीवाटीने बसलेले. खाली पत्रा, आसन नाही, पट्टा नाही. ज्या देशात मोटारीत पट्टा न लावणं गुन्हा आहे, तिथे कामगारांना मालासारखं वाहून न्यायला कायद्यात खास सवलत आहे. ती रद्द करा म्हणून तिथल्याच नागरिकांनी अर्ज-विनंत्या केल्या. सरकारने व्यवहार्य नाही म्हणून सांगितलं. ऑक्टोबर 2023 पासून उष्म्याची पातळी ठरावीक मर्यादेबाहेर गेली की जड काम करणाऱ्याला दर तासाला किमान दहा मिनिटं सावलीत विसावा द्यावा लागतो. चांगलं पाऊल, पण फार उशिरा पडलं. शहरभर छपरं बांधणाऱ्या माणसाला सावली मिळायला सगळ्यांत शेवटी नंबर लागावा, याची मला चीड येते. सिंगापूरची स्तुती करताना ही लॉरी गाळून पुढे जाऊ नये.

आपले पुढारी मात्र सावली आणि लॉरी, दोन्ही गोष्टी गाळतात. त्यांना उचलायची असते ती फक्त काच आणि उंची. शहराचं सिंगापूर करू म्हणणाऱ्याला तिथली पायवाट विचारली, तर उत्तर मिळत नाही.

म्हणून वाचकहो, एवढं करा. महापालिकेचा उमेदवार मत मागायला दारात आला, की मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता त्याला आपल्या घरापासून स्टेशनपर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत पायी न्या. वाटेत कुठे कुठे सावली नाही, त्याची यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि पाच वर्षांनी तीच यादी त्याच्यासमोर ठेवा.